गाडीत धनुष्य, समोर जंगल: हा कायदा आला कुठून

अमेरिकेत धनुष्यानं शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा सीझन असतो, विस्कॉन्सिननं 1934 सालीच हरणांसाठी तो सुरू केला, आणि गाडीतून धनुष्य कसं न्यायचं याचे नियम तिथं राज्याराज्यात वेगळे. कुठं पेटीत बंद पाहिजे, कुठं क्रॉसबोचा (बंदुकीसारखा धरून चाप ओढायचं धनुष्य) ताण उतरवलेला पाहिजे. आपल्याकडं शिकारच बंद, तर वाहतुकीचा नियम कशाला असेल, असं मलाही वाटायचं.

मग भाच्याच्या आर्चरी कॉम्पिटिशनला नागपूरहून जबलपूरला निघालो तर देवलापारच्या अलीकडं एका नाक्यावर बॅग उघडायला लावली. रायझर (धनुष्याची मधली मूठ) वेगळा, दोन्ही लिंब्स (वरखालच्या वाकणाऱ्या पट्ट्या) वेगळ्या, स्ट्रिंग गुंडाळलेली, आणि तो माणूस बाणाच्या टोकावर बोट फिरवून विचारून राहिला, "याच्यानं काय मारता भौ?" सर्टिफिकेट दाखवलं, सोडलं. पण घरी येऊन कायदा काढून बसलो.

गोष्ट 1878 पासून सुरू होते. त्या एकाच वर्षी इंग्रजांनी दोन कायदे केले. वन कायद्यानं राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमांखाली आणली आणि शस्त्र कायद्यानं शस्त्रांच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाल्याच्या जोडीला धनुष्यबाणही नाव घेऊन टाकला. म्हणजे तीरकमठा घेऊन रानात फिरणाऱ्या गोंडाचं रानही सरकारी आणि हातातली वस्तूही शस्त्र, आणि इकडं साहेब लोक परमिट काढून वाघ मारत होते. ज्या नागपूरची सुरुवातच गोंड राजा बख्त बुलंद शहानं केली तिथं बसून हे वाचताना जरा विचित्रच वाटतं.

1959 च्या शस्त्र कायद्यात धनुष्याचं नाव व्याख्येतून गेलं. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते परत आलं, 'शस्त्र' म्हणजे काय त्या यादीत, बंदुका, सुऱ्या, जाळी, विष, सापळे, अगदी गळसुद्धा, त्यांच्याच रांगेत. सुरुवातीला या कायद्यातही काही प्राण्यांच्या शिकारीचं लायसन्स मिळायचं, ते 1991 च्या दुरुस्तीत संपलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना बरेच पारंपरिक हक्क परत दिले पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट वगळला.

मुख्य भानगड वन्यजीव कायद्याच्या कलम 31 ची. अभयारण्यात कुठलंही शस्त्र घेऊन शिरायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी लेखी परवानगी पाहिजे, नॅशनल पार्कलाही तेच लागू. कलम 27 मध्ये पब्लिक हायवेवरून जाणाऱ्याला बिनपरवाना जायची सूट आहे, शस्त्राच्या कलमात ती सूट लिहिलेलीच नाही! बाण सोडला का, बॅग बंद होती का, स्ट्रिंग चढवलेली होती का, यातलं काहीच ते कलम विचारत नाही, फक्त तुम्ही कुठं आहात ते बघतं. साध्या उल्लंघनालाही 3 वर्षांपर्यंत कैद, आणि दंडाची कमाल मर्यादा 2022 च्या दुरुस्तीत 25 हजारांवरून 1 लाख झाली. गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होऊ शकते ते वेगळंच.

आणि गंमत म्हणजे हे मुख्य वन्यजीव रक्षक बसतात आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या वनभवनात, भाच्याच्या प्रॅक्टिसला जाताना रोज तिकडूनच जातो, बॅग मागच्या सीटवर टाकून.