मैदानावरचे दादा-ताई आणि एचआयव्हीची गोष्ट

झिम्बाब्वेतल्या बुलावायो शहरात फुटबॉल म्हणजे हायलँडर्स. १९२६ पासूनचा हा क्लब, चाहत्यांचा लाडका ‘बोसो’. त्याच शहरात १९९० च्या दशकात एचआयव्ही घरोघरी पोहोचला. दशक संपताना देशातल्या साधारण दर चार प्रौढांपैकी एकाला लागण झाली होती, तरी आजाराचं नाव कुणी काढत नव्हतं. माणूस गेला की क्षय झाला होता, न्यूमोनिया झाला होता, एवढंच सांगितलं जायचं.

ही चुप्पी टॉमी क्लार्कने जवळून पाहिली. त्याचे वडील बॉबी क्लार्क, स्कॉटलंडचे माजी गोलरक्षक, १९८० च्या दशकात हायलँडर्सचे प्रशिक्षक होते. दशकभराने टॉमी स्वतः त्याच क्लबकडून खेळायला आणि तिथल्या शाळेत शिकवायला परतला. पुढे तो अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ झाला, पण बुलावायो काही डोक्यातून गेलं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचं म्हणणं त्याला पटलं होतं: माणूस उपदेश ऐकून फारसा बदलत नाही, आपल्याला जवळची वाटणारी माणसं कशी वागतात ते पाहून शिकतो. बुलावायोतल्या पोरांसाठी अशी माणसं म्हणजे फुटबॉलपटू.

खेळाडूच्या शब्दाला वजन असतं हे १९९१ मध्ये जगाने पाहिलं होतं. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं आणि एका दिवसात चर्चेचा सूरच बदलला. नैरोबीच्या मथारे वस्तीतल्या युवा क्रीडा संघटनेनेही क्लार्कच्या आधीच फुटबॉलच्या जोडीने एड्सची माहिती द्यायला सुरुवात केली होती. पण दूरचा तारा एकदा बोलतो आणि निघून जातो. गल्लीतला खेळाडू दर आठवड्याला भेटतो. माझ्या मते या कामाचं सगळं बळ त्या भेटण्यात आहे.

२००२ मध्ये क्लार्कने मेथेम्बे न्दलोवू, कर्क फ्रीड्रिक आणि ईथन झॉन यांच्यासह ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था काढली. चौघेही झिम्बाब्वेत फुटबॉल खेळलेले. झॉन ‘सर्व्हायव्हर’ या अमेरिकन टीव्ही स्पर्धेत दहा लाख डॉलर जिंकला होता. त्यातले काही पैसे त्याने या कामात घातले.

त्यांचा एक खेळ असा. मैदानात शंकू मांडायचे. एक शंकू म्हणजे दारू, एक म्हणजे वयाने बराच मोठा जोडीदार, एक म्हणजे कंडोमशिवाय संबंध. चेंडू पायाने ढकलत त्यांच्यामधून वाट काढायची. पहिल्या फेरीत शंकूला धक्का लागला की त्या खेळाडूने जोर मारायचे. दुसऱ्या फेरीत त्याच्या अख्ख्या संघाने. तिसऱ्या फेरीत मैदानावरच्या सगळ्यांनी. एकाची चूक घराला आणि वस्तीला कशी भोगावी लागते, हे बारा-तेरा वर्षांच्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही. त्यानंतर सगळे गोलाकार बसतात आणि विशीतले प्रशिक्षक स्वतःच्या आयुष्यातलं सांगतात: घरातलं कुणी गेलं ते, तपासणीला जाताना वाटलेली भीती.

याचा उपयोग किती, हे मोजायचे प्रयत्नही झाले. वैद्यकीय सुंता केल्याने पुरुषाला स्त्रीकडून लागण होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, हे आफ्रिकेतल्या तीन चाचण्यांत दिसलं होतं, आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. बुलावायोत मग स्वतः सुंता करून घेतलेले प्रशिक्षक शाळांत जाऊ लागले. एक तास खेळ, स्वतःचा अनुभव, नंतर फोनवर विचारपूस, आणि मुलगा तयार झाला की त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जाणं. २०१४ मध्ये २६ शाळांत झालेल्या चाचणीत, जिथे हे प्रशिक्षक गेले तिथल्या सुमारे १२ टक्के मुलांनी सुंता करून घेतली. बाकीच्या शाळांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली राहिलं. फरक मोठा आहे, तरी दहातले जवळजवळ नऊ जण दवाखान्यात गेले नाहीत, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने २००६ मध्ये दिल्लीत नेटबॉल हाताशी धरला, नंतर मुंबईतही. तिथे मैदानावर मुली होत्या. पाळी, शरीर, एचआयव्ही या घरात न निघणाऱ्या विषयांवर त्या खेळाच्या तासाला बोलू लागल्या, आणि त्यांच्यातल्याच काहीजणी पुढे प्रशिक्षक झाल्या.