क्लिनिकल ट्रायल आणि तुमच्या दवाखान्यातला रुग्ण
नाशिक, सिन्नर, निफाड आणि दिंडोरीतल्या फॅमिली डॉक्टरांसाठी

नमस्कार डॉक्टर,

क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे नवीन औषध माणसांवर तपासणाऱ्या अभ्यासासाठी, रुग्ण बहुतेक वेळा मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत शोधले जातात आणि तिथे येतात ते आजार बळावल्यावर. नुकताच मधुमेह निघालेला, एकाच गोळीवर असलेला सातपूरचा कामगार किंवा बीपी वर्षानुवर्षं काबूत असलेल्या म्हसरूळच्या आजी तुमच्याकडेच येतात. उद्या जी औषधं अशाच लोकांच्या हातात जाणार, ती त्यांच्यात तपासलीच गेली नाहीत तर त्यांचा गुण आणि धोका दोन्ही अर्धवटच कळतील. म्हणून आम्ही तुमच्यापर्यंत येतो.

ट्रायल आम्ही करत नाही. ती हॉस्पिटलमधले संशोधक डॉक्टर करतात, पैसा औषध कंपनीचा असतो. रुग्ण निवडण्याचे निकष तुम्हाला समजावणं, रुग्णाच्या व्हिजिट जुळवणं, रिपोर्ट वेळेवर पोचवणं हे आमचं काम. त्याचे पैसे आम्हाला कंपनीकडून मिळतात आणि हे रुग्णालाही माहीत असावं असा आमचा आग्रह आहे.

"डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं"

हे वाक्य तुम्ही रोज ऐकता. औषध बदलताना ते पुरेसं असतं. ट्रायलच्या बाबतीत मात्र आम्ही त्याला होकार धरत नाही. ज्या माणसाने मुलांचे ताप उतरवले, त्याला नाही कसं म्हणायचं, या भिडेपोटी आलेला होकार पुढे टिकत नाही आणि तो घेणं बरोबरही नाही. म्हणून तुमच्याकडून आम्हाला एवढंच हवं आहे: "अमुक आजारावर एक अभ्यास चालू आहे. तुम्ही त्यात बसू शकाल असं वाटतं. भाग घेतला नाही तरी माझ्याकडचे उपचार आहेत तसेच चालतील. घरी बोला, मग सांगा." रुग्णाने स्वतः हो म्हटल्याशिवाय त्याचं नाव, फोन नंबर किंवा केसपेपर आम्हाला देऊ नका. आम्ही घाई केली तरी देऊ नका.

"आमच्यावर प्रयोग करताय का?" असं कुणी विचारलं, तर हो म्हणा. हा प्रयोगच आहे. परवानगी घेऊन, देखरेखीखाली केलेला. "नवीन औषध आलंय, जास्त चांगलं आहे" असं कृपया सांगू नका. ते चांगलं आहे का, हेच तर अजून पाहायचं आहे. शिवाय काहींना नवीन औषध मिळेल, काहींना सध्याचंच किंवा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कुणाला काय मिळतंय हे बऱ्याच अभ्यासांत संशोधक डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

संमतीपत्रावर सही हॉस्पिटलमध्येच होते, एथिक्स कमिटीने, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने, मंजूर केलेल्या मराठी मजकुरावर, आणि एक प्रत रुग्णाला घरी न्यायला मिळते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. तुमचे कंपाउंडर किंवा आमचा माणूस त्या जागी चालणार नाही. सही केल्यावरही रुग्ण कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो.

कट म्हणजे कमिशन नाही

पाठवलेल्या रुग्णांच्या संख्येवर आम्ही कुणालाही पैसे देत नाही. रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतच निषिद्ध आहे. जुन्या नोंदी तपासण्यासारखं प्रत्यक्ष काम तुम्ही केलंत, तर त्याचा मोबदला लेखी कराराने मिळेल आणि तो करार एथिक्स कमिटीसमोर ठेवला जाईल.

निकष चाळणीसारखे बारीक असतात. समजा, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ७.५ ते १० हवं, तीन महिन्यांत डोस बदललेला नको, नुकतंच स्टिरॉइडचं इंजेक्शन झालेलं नको. त्यामुळे पाठवलेल्यांपैकी बरेच जण तपासणीनंतर परत येतात. "बसलो नाही म्हणजे माझं दुखणं वाढलं" असं त्यांना वाटतं आणि घरात काळजी सुरू होते. हे आधीच सांगून ठेवलंत तर फार बरं.

रात्री अकराला तो तुमच्याकडेच येणार

चक्कर आली, पुरळ उठलं, ताप चढला की रुग्ण ट्रायलच्या हॉस्पिटलला फोन करत बसत नाही. कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरांकडे येतो. म्हणून भाग घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असतं. त्यावर अभ्यासाचं नाव आणि संशोधक डॉक्टरांचा चोवीस तास चालू असलेला नंबर. तुम्ही आधी रुग्ण सांभाळा, जे द्यायला हवं ते द्या आणि लगेच त्या नंबरवर कळवा. ॲडमिट करावं लागलं तर सकाळची वाट पाहू नका: संशोधक डॉक्टरांना अशी गंभीर घटना चोवीस तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवावीच लागते. ट्रायलमध्ये इजा झाली, तर गरज असेपर्यंत किंवा तिचा ट्रायलशी संबंध नाही असं ठरेपर्यंत उपचार मोफत द्यावे लागतात. ट्रायलमुळेच इजा किंवा मृत्यू झाल्याचं ठरलं तर भरपाईही द्यावी लागते. दोन्ही तरतुदी नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांत आहेत.

ट्रायलमध्ये चालत नसलेल्या औषधांची यादी आम्ही तुमच्या टेबलावर ठेवून जाऊ. काढे, चूर्णं, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या यांचीही चौकशी करा. रुग्ण त्यांना औषधात धरत नाहीत.

ट्रायल खरी आहे का, हे आमच्या शब्दावर सोडू नका. पहिला रुग्ण घेण्याआधी प्रत्येक ट्रायलची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयवर, व्हावी लागते. तिथे ती कुणालाही फुकट पाहता येते. आमच्या प्रत्येक कागदावर तो क्रमांक असतो. नसेल तर कागद परत करा.

व्हिजिट आणि आपलं नाशिक

अंबड-सातपूरच्या शिफ्ट, निफाड-दिंडोरीतली ऑक्टोबर छाटणी आणि पुढे द्राक्षांची काढणी, या दिवसांत माणूस हॉस्पिटलला येऊ शकत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. पंचवटीतून बाहेर पडणंही तेव्हा अवघड होईल. प्रवासखर्च संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे मिळतो, पण बुडालेल्या दिवसाचं काय, हे रुग्णाने आधीच विचारावं असं त्याला सांगा. व्हिजिटची तारीख ठरलेल्या मुदतीत पुढे-मागे करता येते, मुदतीबाहेर नाही. त्यामुळे रुग्णाची अडचण तुम्हाला आधी कळली, तर आम्हाला त्याच दिवशी सांगा.