स्वयंपाकघरातून दिसलेलं बेट : 'रेव्हन ब्लॅक'च्या आधीची तीस वर्षं

'शेटलंड' ही बीबीसीची खूनतपासाची सिरीयल बघून झाली की बहुतेकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, एक म्हणजे एवढ्याशा बेटांवर एवढे खून कसे काय होतात, आणि दुसरा, हे सगळं लिहिणारी बाई तिथलीच असणार ना? पहिल्याकडे नंतर येऊ. दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे. सिरीयल ज्या कादंबऱ्यांवरून झाली त्यातली पहिली 'रेव्हन ब्लॅक'. ती लिहिणाऱ्या अ‍ॅन क्लीव्ह्जचा जन्म १९५४ चा, हेरफर्डशायरमधला, आणि वाढली ती नॉर्थ डेव्हनमध्ये, वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर. म्हणजे इंग्लंडच्या पार खालच्या कोपऱ्यातली मुलगी, आणि शेटलंड कुठे तर स्कॉटलंडची जमीन संपते, समुद्र लागतो, अ‍ॅबरडीनहून संध्याकाळी बोटीत बसलात की रात्रभर डुलत डुलत सकाळी लर्विकला उतरता, तिथे. लंडनपेक्षा नॉर्वे जवळ. १४६९ पर्यंत ही बेटं नॉर्वेचीच होती, राजाकडे मुलीच्या हुंड्याला रोकड नव्हती म्हणून त्याने ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली ती टाकलीच. (हुंड्यापायी जमीन गेल्याच्या गोष्टी आपण खूप ऐकल्यात पण अख्खी बेटं!)

तर डेव्हनची मुलगी तिथे पोचली कशी. ससेक्स युनिव्हर्सिटी तिने अर्धवट सोडली, मग लंडनमध्ये मिळेल ते काम करत होती, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी पटनीच्या एका पबमध्ये तिला एकजण भेटला ज्याला फेअर आयलवरच्या पक्षीनिरीक्षण केंद्रात नोकरी लागली होती, आणि तो म्हणाला की तिथे स्वयंपाकघरात मदतनीस हवाय. हिला स्वयंपाक येत नव्हता. पक्ष्यांमधलं काही कळत नव्हतं. फेअर आयल नकाशात कुठे आहे हेही माहीत नव्हतं. तरी गेली. विशीबाविशीत माणूस असल्या नोकऱ्या घेतो, नंतर कुणी दुप्पट पगार दिला तरी घेत नाही.

फेअर आयल म्हणजे शेटलंड आणि ऑर्कनी या दोन द्वीपसमूहांच्या बरोब्बर मधे पडलेला एक तुकडा, लांबी पाचेक किलोमीटर, तेव्हाची वस्ती साठेक माणसांची. स्वेटरच्या डिझाइनमुळे नाव ऐकलेलं असेल. पण पक्षीवाल्यांसाठी ती पंढरी आहे, कारण स्थलांतर करणारे थकलेभागले पक्षी भर समुद्रात दिसेल त्या जमिनीवर उतरतात आणि तिथे दिसणारी जमीन म्हणजे हीच. तिथलं केंद्र १९४८ साली जॉर्ज वॉटरस्टन नावाच्या माणसाने सुरू केलं आणि त्याची गोष्ट खरं तर स्वतंत्र लिहायला हवी. दुसऱ्या महायुद्धात तो क्रीटमध्ये जर्मनांच्या हाती सापडला, कैदेत बसून त्याने या बेटावर केंद्र काढायचे बेत रचले, आणि आजारी पडला म्हणून त्याची सुटका झाली तेव्हा परतीच्या बोटीतून त्याला मायदेशाची जी पहिली जमीन दिसली ती फेअर आयलच. नंतर त्याने बेटच विकत घेतलं आणि १९५४ मध्ये स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं.

अशा ठिकाणी ही पोरगी कांदेबटाटे सोलायला उभी राहिली. माझं आपलं एक मत आहे, की पुढचं सगळं या स्वयंपाकघरातून आलंय. अगाथा ख्रिस्तीचं १९३९ चं ते बेटावरचं प्रसिद्ध पुस्तक घ्या, ते डेव्हनच्याच बर्ग आयलंडवरून सुचलेलं, आणि तिथे बाई मुक्कामाला जायच्या, झकास हॉटेल होतं. त्या पुस्तकातलं बेटही तसंच आहे, दहा माणसं आणून ठेवायची आणि दार लावून घ्यायचं, बेटाचं काम संपलं. उत्तम जमलंय, वाद नाही. पण ते पाहुण्याचं बेट. राबायला आलेल्या माणसाला बेट वेगळंच दिसतं, बोट आली नाही तर साखर संपते, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरी दिवा उशिरापर्यंत असतो, कोणता पाहुणा चहाला एकटाच बसतो. गुन्ह्याची गोष्ट लिहिणाऱ्याला याच्याहून चांगली ट्रेनिंग कुठे मिळणार?

नवराही तिथेच भेटला. टिम पक्षी बघायला आला होता, ही त्याला खोली दाखवायला गेली, आणि आपल्याला पक्षीविद्येपेक्षा त्याच्या सॅकमधल्या माल्ट व्हिस्कीच्या बाटलीने जास्त ओढलं असं ती स्वतःच सांगते. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत टिमला हिल्बर या बेटावर वॉर्डनची नोकरी मिळाली.

म्हणजे परत बेट. पण हे वेगळ्या जातीचं. हिल्बर लिव्हरपूलजवळ डी नदीच्या मुखाशी आहे, ओहोटी लागली की वाळूवरून चालत जाता येतं, भरती आली की रस्ता पाण्याखाली. हाजी अलीला भरतीच्या वेळी अडकून पडलेल्यांना वेगळं समजवायला नको, फक्त तिथे हाजी अलीसारखी गर्दी नाही, त्या अख्ख्या बेटावर राहणारी माणसं दोनच, नवरा आणि बायको. सरकारी लाइट नाही, नळाला पाणी नाही. नवरा दिवसभर पक्ष्यांमागे आणि हिला पक्ष्यांचं तेवढं वेड नाही (एवढी वर्षं पक्षीवाल्यांत काढूनही नाही!), मग करायचं काय? लिहायचं.

पहिलं पुस्तक १९८६ मध्ये आलं, 'अ बर्ड इन द हँड'. डिटेक्टिव्ह म्हणजे जॉर्ज पामर-जोन्स नावाचे एक वयस्कर पक्षीप्रेमी, आणि गोष्ट अर्थातच पक्षीवाल्यांमधल्या खुनाची. आता इथे लक्ष द्या. १९८७ च्या दुसऱ्या पुस्तकात खून होतो 'गिलिब्री' नावाच्या एका छोट्या बेटावर, जे पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. १९८८ च्या 'मर्डर इन पॅरडाइज'मध्ये होतो 'किनेस' नावाच्या दूरवरच्या स्कॉटिश बेटावर. नकाशात दोन्ही सापडणार नाहीत, पण हिल्बर आणि फेअर आयल माहीत असलेल्याला बुरख्याआडचा चेहरा ओळखायला वेळ लागत नाही.

म्हणजे बेटावरची क्राइम कादंबरी तिने १९८७ मध्येच लिहिली होती, पण चोरून, नाव बदलून. का, ते मला तरी समजतं. साठ माणसांच्या गावात खुनी कोणालाही करा, पोस्टमास्तर, बोटवाला, शिक्षिका, त्या पदावर खरा माणूस एकच असतो आणि तो तुमच्या ओळखीचा असतो, त्याच्या घरी तुम्ही जेवलेले असता. कोकणातल्या वाडीवर गोष्ट लिहून पुढच्या मे महिन्यात त्याच वाडीत जाऊन दाखवावं कोणीतरी.

त्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एकदोन भयंकर वाईट आहेत असं लेखिका स्वतःच्या परिचयातच लिहून टाकते, त्यामुळे आपण सभ्यपणाने गप्प बसू. १९८७ मध्ये दोन मुलींना घेऊन कुटुंब नॉर्थम्बरलंडला गेलं, आणि नंतरच्या पुस्तकांत बेटं मागे पडून इंग्लंडचा ईशान्य भाग आला. एक इन्स्पेक्टर रॅम्झी आला, १९९९ मध्ये व्हेरा स्टॅनहोप ही डिटेक्टिव्ह आली. पुस्तकं दरवर्षी यायची, लायब्रऱ्यांत वाचली जायची, आणि बस. पोटापाण्याला बाई प्रोबेशन ऑफिसर म्हणूनही राहिली, लायब्रऱ्यांसाठी वाचक जमवायचं काम केलं, तुरुंगात वाचनगट चालवले. वीस वर्षं लिहितेय आणि नाव फार कोणाला ठाऊक नाही, अशी अवस्था. आपल्याकडे इतक्यात लोक लिहायचं सोडून दिवाळी अंक काढतात.

मग एकदा ऐन हिवाळ्यात टिमला शेटलंडला एक दुर्मिळ पक्षी बघायला जायचं होतं आणि ही सोबत गेली. शेटलंड साठ अंश उत्तरेला आहे, डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि तीनला मावळतो, त्यातही आभाळ भरलेलं असलं तर उगवला कधी ते कळतही नाही. त्या वेळी तिथे बर्फ पडून गोठलं होतं, जे शेटलंडला दरवर्षी पडतंच असं नाही, आणि त्या पांढऱ्या माळावर तिला रेव्हन दिसले. रेव्हन म्हणजे आपल्या डोमकावळ्याचा थोरला भाऊ म्हणा, चांगला घारीएवढा, काळाकुळकुळीत. पांढऱ्यावर काळं. आणि तिच्या डोक्यात आलं की यात थोडं लाल असतं तर? रक्त? परीकथेतलं चित्र झालं असतं.

एवढंच बीज. पण बघा, हेच चित्र कोणा टुरिस्टला दिसलं असतं तर फोटो निघाला असता. हिच्याकडे त्या फोटोत उभी करायला माणसं होती, सुमारे तीस वर्षांपासूनची. आणि या वेळी तिने नाव बदललं नाही, बेट साठ माणसांचंही निवडलं नाही, शेटलंडच्या मुख्य बेटावर आली जिथे लर्विकसारखं बंदर आहे, सलोम व्हो इथे तेलाचं मोठं टर्मिनल आहे आणि तेलाच्या पैशाने बदललेली गावं आहेत. गर्दी नाही, पण खुन्याला लपता येईल इतपत माणसं आहेत.

'रेव्हन ब्लॅक' २००६ मध्ये आलं. नवीन वर्षाच्या रात्री दोन शाळकरी मुली म्हाताऱ्या मॅग्नस टेटच्या घरी गंमत म्हणून जातात, मॅग्नस एकटा, जरा मंद, पूर्वी एक मुलगी नाहीशी झाली तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडेच बोट दाखवलेलं, आणि मग त्या दोघींपैकी कॅथरिन बर्फात मेलेली सापडते, वर रेव्हन घिरट्या घालतायत. पुढचं सांगत नाही. पण कॅथरिन बाहेरून आलेली आहे हे महत्त्वाचं. शेटलंडात बाहेरच्यांना 'सूथमूथर' म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडच्या तोंडाने आलेले, कारण बोट लर्विक बंदरात दक्षिणेच्या खाडीतून शिरते. आपल्याकडे 'घाटावरचे' म्हणतात त्याच सुरात. कितीही वर्षं राहा, सूथमूथर तो सूथमूथरच. क्लीव्ह्जही तीच, आणि पुस्तकात आतला-बाहेरचा हे जे सतत टोचत राहतं ते तिला कुठून वाचून आणावं लागलं नसणार.

इन्स्पेक्टरची युक्ती तर मला फारच आवडते. जिमी पेरेझ. स्पॅनिश आडनावाचा शेटलंडर! तो फेअर आयलचा आहे, आणि १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं 'एल ग्रान ग्रिफोन' हे जहाज फेअर आयलवर खरोखरच फुटलं होतं, तीनेकशे माणसं कित्येक आठवडे त्या चिमुकल्या बेटावर अडकून पडली, बेटावरच्यांची स्वतःचीच खायची मारामार असताना. त्यातल्या कोणाचा तरी वंशज म्हणून पेरेझ. म्हणजे माणूस पिढ्यानपिढ्या तिथला, तरी नावातच परका. सिरीयलमध्ये २०२२ पर्यंत पेरेझ झालेला नट डग्लस हेन्शॉल गोराभुरा आहे, पुस्तकातला काळ्याभोर केसांचा आहे, यावरून चाहते अजून कुरकुरतात.

आता तो पहिला प्रश्न. एवढे खून कसे? तर ठरलं होतं एकच पुस्तक. सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या तेवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव, तिथे खून दरवर्षी दाखवला तर वाचक हसतील, हे तिलाही कळत होतं. पण २००६ मध्येच त्या पुस्तकाला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीचा डॅगर पुरस्कार मिळाला, सोबत वीस हजार पौंड. पहिल्या पुस्तकानंतर वीस वर्षांनी. मग एकाच्या चार झाल्या, चार ऋतूंच्या चार, हिवाळा झाला होता, उन्हाळ्यासाठी 'व्हाइट नाइट्स', कारण जूनमध्ये तिथे रात्र नीट होतच नाही, नुसता संधिप्रकाश राहतो ज्याला ते लोक 'सिमर डिम' म्हणतात, मग वसंतासाठी 'रेड बोन्स' आणि शरदासाठी 'ब्लू लायटनिंग'. चारच्या आठ झाल्या, २०१८ च्या 'वाइल्ड फायर'पर्यंत. बीबीसीची सिरीयल २०१३ पासून, पण सिरीयलची गाडी पुढे गेली ती व्हेरामुळे, एका निर्मातीला व्हेराचं जुनं पुस्तक सेकंडहँड दुकानात सापडलं, त्यावरून व्हेराची सिरीयल झाली आणि त्याच निर्मातीने पुढे शेटलंडही पडद्यावर आणलं.

माझं लाडकं मात्र २०१० चं 'ब्लू लायटनिंग'. त्यात पेरेझ होणाऱ्या बायकोला आईवडिलांना भेटवायला फेअर आयलला घेऊन जातो, वादळ येतं, विमान बंद, बोट बंद, आणि पक्षीनिरीक्षण केंद्राच्या वॉर्डनबाईंचा खून होतो. या वेळी किनेस नाही, फेअर आयल, खऱ्या नावाने. केंद्राची जागा तेवढी तिने हलवून दीपगृहात नेली. तिने जिथे काम केलं होतं ती इमारत आता नाही, २०१० मध्ये बांधलेली नवी मार्च २०१९ च्या आगीत जळून गेली. पण पुस्तकातल्या केंद्रात एक स्वयंपाकीण आहे, जेन नावाची. बाहेरून आलेली, पक्ष्यांचं वेड नसलेली, आणि टेबलावर कोण कोणाकडे बघतंय हे वाढता वाढता टिपणारी.