वेझलेचे लांबकाने आणि कललेल्या भिंती

महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ लोक येतात. कान इतके मोठे की तेच पांघरायचे. भारताविषयी लिहिणाऱ्या ग्रीकांनीही अशी माणसं नोंदवली, आणि ती थेट फ्रान्समधल्या एका चर्चच्या दारावर जाऊन बसली.

हे चर्च बर्गंडीतल्या वेझले गावचं, मेरी मॅग्डालीनचं. दारावरच्या अर्धगोल शिल्पात मध्ये येशू आहे. त्याच्या बोटांतून निघालेले किरण शिष्यांच्या डोक्यांपर्यंत पोचतात. कडेला जगभरचे लोक : वर कुत्र्याच्या तोंडाचे, खालच्या पट्टीत उजव्या टोकाला लांबकाने आणि त्यांच्याजवळ शिडी लावून घोड्यावर चढणारा बुटका. धर्म पोचवायचा तो इतक्या लांबवर, असा अर्थ.

हे दार अंधाऱ्या ओसरीत आहे. आत पाऊल टाकलं की लख्ख उजेड, आणि रोमनेस्क, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतल्या जाड भिंतींच्या, अर्धगोल कमानींच्या शैलीतल्या इमारतीत हे नवल आहे. एरवी बोगद्यासारखं दगडी छत भिंतीला सलग रेटत असतं, त्यामुळे मोठ्या खिडक्या पाडता येत नाहीत. 1120च्या आगीनंतर इथल्या गवंड्यांनी दोन बोगदे काटकोनात छेदले. प्रत्येक खणाचा भार चार कोपऱ्यांवर गेला, मधली भिंत मोकळी झाली आणि वर खिडक्या आल्या.

पण अर्धगोल कमान पाय फाकवते, टोकदार कमानीपेक्षा जास्तच. सगळा रेटा कोपऱ्यांत एकवटला आणि तिथले बाहेरचे टेकू अपुरे पडले. भिंतींत गाडलेल्या लाकडी तुळया कुजून पोकळ्या राहिल्या. भिंती बाहेर कलल्या, कमानींचे माथे बसले. आजही वर पाहिलं तर काही कमानी चेपलेल्या दिसतात. 1840मध्ये 26 वर्षांच्या व्हिओले-ल-द्युक या वास्तुकाराकडे दुरुस्ती आली, तेव्हा छत कोसळण्याच्या बेतात होतं. त्याने काही खणांची छतं नव्याने बांधली आणि बाहेरचे कमानदार टेकू पुन्हा उभारले. उजेडाची ही किंमत मला तरी वाजवी वाटते.

21 जूनच्या सुमारास सूर्य दिवसातला सर्वांत उंच येतो तेव्हा, म्हणजे तिथल्या उन्हाळी घड्याळात पावणेदोन-दोनला, तो क्षितिजापासून 66 अंशांवर असतो. दक्षिणेच्या वरच्या खिडक्यांतून आलेले कवडसे दालनाच्या मधोमध, वेदीकडे जाणाऱ्या एका रांगेत पडतात. डिसेंबरात तोच सूर्य जेमतेम 19 अंश चढतो. मग ऊन फरशीपर्यंत उतरतच नाही, उत्तरेकडच्या खांबांच्या कोरीव माथ्यांवरच थांबतं.