द्वितीय कर्करोग (बालवयातील केमोथेरपीनंतरचा)

बालवयातील कर्करोगावर केमोथेरपी, म्हणजेच रसायनोपचार, घेतलेल्या व्यक्तीला पुढे केव्हातरी होणारा आणि मूळ रोगाच्या पेशींपासून न उपजलेला नवा कर्करोग. मूळ रोग उलटणे किंवा तो अन्य अवयवांत पसरणे यांचा समावेश या संज्ञेत होत नाही. हा भेद ठरवताना वॉरेन आणि गेट्स यांनी १९३२ मध्ये मांडलेले निकष आजही पायाभूत मानले जातात : दोन्ही अर्बुदे (गाठी) मारक, म्हणजे कर्करोगी, असावीत, ती एकमेकांपासून वेगळी ओळखता यावीत आणि एक दुसऱ्याचा प्रसार नसावा. रक्ताच्या कर्करोगात मात्र हे निकष अपुरे पडतात. उलटलेला रोग पेशींचे रूप बदलून येऊ शकतो, म्हणून तेथे दोन्ही वेळच्या नमुन्यांतील गुणसूत्रीय व जनुकीय खुणा ताडून पाहाव्या लागतात.

अमेरिकी वैद्यक सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) बालरुग्णांवर अमिनोप्टेरिन हे औषध वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेथून बालकर्करोगाच्या रसायनोपचाराचा आरंभ सामान्यतः मानला जातो. १९६० च्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि दीर्घकाळ जगणाऱ्या मुलांची संख्या वाढत गेली. आज संपन्न देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले निदानानंतर किमान पाच वर्षे जगतात. उपचारांचे उशिरा दिसणारे परिणाम या यशामुळेच अभ्यासाच्या कक्षेत आले. हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी मेक्लोरेथामिन, व्हिन्क्रिस्टिन, प्रोकार्बझिन व प्रेडनिसोन यांचा चतुर्विध उपचार घेतलेल्यांत तीव्र मज्जाजन्य ल्युकेमिया अपेक्षेपेक्षा अधिक आढळू लागल्याच्या नोंदी साधारण १९७० च्या दशकापासूनच्या आहेत.

जोखमीचे मोजमाप मुख्यतः उत्तर अमेरिकेतील ‘चाइल्डहुड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी’वर आणि यूरोपातील तशाच समूह-अभ्यासांवर आधारलेले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाच्या विश्लेषणानुसार तीस वर्षांतील द्वितीय मारक अर्बुदांचे संचयी प्रमाण फक्त रसायनोपचार घेतलेल्यांत ३.९ टक्के, रसायनोपचार व किरणोपचार दोन्ही घेतलेल्यांत ९ टक्के, फक्त किरणोपचार घेतलेल्यांत १०.८ टक्के आणि दोन्हींपैकी काहीच न घेतलेल्यांत ३.४ टक्के होते. पहिला व शेवटचा आकडा जवळजवळ सारखा दिसतो. त्यावरून औषधे निर्दोष आहेत असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. या गटांचे मूळ रोग व आनुवंशिक पार्श्वभूमी सारखी नसते, आणि फक्त रसायनोपचार घेतलेल्यांतील जोखीम सर्वसाधारण लोकसंख्येच्या २.८ पट भरली, ही तुलना अधिक बोलकी आहे.

औषधांशी सर्वांत स्पष्ट संबंध जोडता येतो तो उपचारजन्य मज्जाजन्य ल्युकेमियाचा. त्याचे दोन प्रकार पाठ्यग्रंथांत दिलेले असतात. सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फालान, प्रोकार्बझिन यांसारखी अल्किलीकारक औषधे डीएनएला अल्किल गट चिकटवून त्याचे धागे परस्परांत अडकवतात. त्यांच्यानंतरचा ल्युकेमिया साधारण पाच ते सात वर्षांनी येतो, त्याआधी बहुधा मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचा (मज्जेत सदोष रक्तपेशी तयार होण्याचा) टप्पा असतो, आणि पाचव्या किंवा सातव्या गुणसूत्राचा पूर्ण वा अंशतः लोप आढळतो. इटोपोसाइड, टेनिपोसाइड आणि काही प्रमाणात अँथ्रासायक्लिन वर्गातील औषधे टोपोआयसोमरेज-२ या विकराने डीएनएत पाडलेली तात्पुरती चीर सांधू देत नाहीत. त्यांच्यानंतरचा ल्युकेमिया एक ते तीन वर्षांतच, बहुतेकदा पूर्वसूचनेवाचून, प्रकटतो आणि त्यात अकराव्या गुणसूत्रावरील केएमटी२ए या जनुकाची फेरजुळणी दिसते. मुलांमध्ये ही फेरजुळणी प्रौढांपेक्षा अधिक आढळते. प्रत्यक्ष रुग्णाला दोन्ही वर्गांची औषधे मिळालेली असल्यामुळे ही विभागणी नेहमीच काटेकोर राहत नाही.

इटोपोसाइड वर्गाच्या बाबतीत जोखीम एकूण मात्रेवर अवलंबून असते की औषध देण्याच्या वेळापत्रकावर, हा वाद दीर्घकाळ चालला. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या बालरुग्णांवरील १९९१ च्या एका अभ्यासात ही औषधे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा दिलेल्या गटांत सहा वर्षांतील जोखीम सुमारे १२ टक्के, तर इतर गटांत २ टक्क्यांहून कमी आढळली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या देखरेखीखालील परीक्षणात (१९९९) कमी, मध्यम व अधिक एकूण मात्रेच्या गटांत सहा वर्षांची जोखीम अनुक्रमे ३.३, ०.७ व २.२ टक्के भरली. म्हणजे मात्रेबरोबर ती चढत गेली नाही. त्या परीक्षणात मात्रेच्या मर्यादा फार उच्च नव्हत्या आणि सोबतची औषधेही भिन्न होती, हे लक्षात घेऊनही वेळापत्रकाला व सहऔषधांना महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. हृदयरक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सराझोक्सेनचा वाद याच्याशीच जोडलेला आहे, कारण तेही टोपोआयसोमरेज-२ वर परिणाम करते. हॉजकिन लिम्फोमाच्या चाचण्यांतून २००७ मध्ये त्यामुळे द्वितीय कर्करोग वाढत असल्याची शंका उपस्थित झाली, २०११ मध्ये यूरोपीय नियामकांनी मुलांमध्ये ते निषिद्ध ठरवले, आणि नंतरच्या दीर्घ पाठपुराव्यात शंकेला पुष्टी न मिळाल्याने २०१७ मध्ये ती बंदी अंशतः उठवण्यात आली.

ल्युकेमियाची आद्य पेशी औषध निर्माण करते की आधीच असलेल्या सदोष पेशीला वाट मोकळी करून देते, हा दुसरा प्रश्न. प्रौढांच्या नमुन्यांत टीपी५३ या कर्करोगरोधक जनुकातील उत्परिवर्तन उपचारांपूर्वीही अत्यल्प पेशींत सापडल्याचे २०१५ मध्ये दाखवले गेले, त्यामुळे औषधाने आधीच्या सदोष पेशींची निवड होते या सिद्धांताला बळ मिळाले. केएमटी२ए फेरजुळणीला मात्र औषधाची थेट इजाच कारणीभूत असावी असे बहुतेकांचे मत दिसते.

घन अर्बुदांच्या (रक्ताव्यतिरिक्त इतर अवयवांतील गाठींच्या) बाबतीत किरणोपचाराचा वाटा मोठा आहे. छातीवरील किरणांनंतरचा स्तनाचा आणि मानेवरील किरणांनंतरचा थायरॉइडचा कर्करोग ही त्याची परिचित उदाहरणे. औषधांचा वाटा मागाहून उमगला. अल्किलीकारकांमुळे अस्थिसार्कोमाची (हाडांच्या कर्करोगाची) जोखीम वाढते हे १९८७ मध्ये दाखवले गेले होते, आणि छातीवर किरणोपचार न झालेल्या स्त्रियांतही डॉक्सोरुबिसिन या अँथ्रासायक्लिनच्या वाढत्या मात्रेबरोबर स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते असे अमेरिकन व डच समूहांतून २०१६ नंतर पुढे आले. प्लॅटिनमयुक्त औषधांवरही लक्ष आहे.

आनुवंशिक प्रवणता हा स्वतंत्र घटक. ली-फ्राउमेनी लक्षणसमूहातील टीपी५३ दोष किंवा आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमातील (दृष्टिपटलाच्या कर्करोगातील) आरबी१ दोष असलेल्या मुलांना दुसरा कर्करोग उपचारांवाचूनही होऊ शकतो; त्यांच्यात किरणोपचार शक्यतो टाळला जातो. २०१५ मध्ये ११२० बालरुग्णांच्या जनुकीय तपासणीत ८.५ टक्के रुग्णांत असे जन्मजात दोष आढळले.

उपचारजन्य ल्युकेमिया औषधांना कमी दाद देतो, आणि दीर्घकालीन आशा प्रामुख्याने दात्याच्या रक्त-मूलपेशींच्या प्रत्यारोपणावर असते. घन अर्बुदे लवकर सापडल्यास निष्पत्ती पुष्कळदा चांगली असते. म्हणून छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांत वयाच्या पंचविशीपासून किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे उशिरा येईल तेव्हापासून, दरवर्षी स्तनांची प्रतिमा-तपासणी सुचवलेली आहे. पाठपुराव्याला उपयोगी पडतो तो उपचारांचा लेखी सारांश. प्रत्येक औषधाचे नाव, एकूण मात्रा आणि किरणांचे क्षेत्र त्यात नोंदलेले असले पाहिजे, कारण वीस वर्षांनंतर तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे मूळ कागदपत्रे क्वचितच असतात.

प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या रुग्णाला देण्याच्या सीएआर-टी पेशीउपचारानंतर टी-पेशींचे कर्करोग झाल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये या उत्पादनांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले. असे उदाहरण विरळा असून मुलांपुरता स्वतंत्र निष्कर्ष काढण्याइतका काळ अद्याप लोटलेला नाही.