डिजिटल नाइट व्हिजन : कमी किमतीतील निवड

रात्रीचा अत्यल्प प्रकाश आणि माणसाच्या डोळ्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश कॅमेऱ्याच्या संवेदकावर झेलून त्याचे चित्र आतल्या छोट्या पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणास डिजिटल नाइट व्हिजन असे म्हणतात. एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, दोन्ही डोळ्यांची दुर्बीण, बंदुकीवरचा स्कोप आणि दिवसाच्या स्कोपला मागून बसवायचा जोड अशा चार रूपांत ते मिळते. जेथे कायद्याने मुभा आहे अशा देशांत रानडुकरे, कोल्हे, ससे यांच्या रात्रीच्या शिकारीसाठी त्याचा वापर होतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मोकाट रानडुकरांची रात्री शिकार करता येते, आणि कमी किमतीच्या डिजिटल स्कोपना तेथे मोठा ग्राहकवर्ग लाभला आहे.

भारतात परिस्थिती वेगळी आहे आणि खरेदीआधी ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. माळव्यातील शेतकऱ्यांना ज्यांचा सर्वाधिक उपद्रव होतो, त्यांपैकी काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, तर नीलगाय आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. अशा परवानगीशिवाय शेताच्या मालकालाही गोळी झाडता येत नाही. इंदूरच्या दक्षिणेकडील रालामंडळ टेकडीवर होळकरांचे शिकारगृह आजही उभे आहे. ती टेकडी आणि भोवतालचे रान १९८९ पासून अभयारण्य आहे. त्यामुळे इंदूर, महू, सिमरोळ, चोरल, मानपूर या पट्ट्यातील मराठी वाचकासाठी हे उपकरण पिकाची राखण, बिबट्याच्या वावराची खात्री आणि निशाचर प्राण्यांचे निरीक्षण यांसाठीच उपयोगी आहे. निवडीचे निकष मात्र शिकाऱ्यासाठी आणि राखणदारासाठी बहुतांशी सारखेच आहेत.

रात्री पाहण्याची तंत्रे मुख्यतः तीन आहेत. प्रतिमावर्धक नळीत प्रकाशकणांचे इलेक्ट्रॉनांत रूपांतर होते, सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून त्यांची संख्या कैक पटींनी वाढते आणि ते स्फुरदीप्त पडद्यावर आदळून हिरवट किंवा पांढरे चित्र उमटवतात. चांदण्यातही सुरेख दिसणारे हे तंत्र महाग आहे, तिसऱ्या पिढीची उपकरणे हजारो डॉलरांना पडतात आणि प्रखर उजेडात त्यांची नळी खराब होऊ शकते. उष्णतादर्शक उपकरण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे उत्सर्जन टिपते. त्याला उजेडाची गरजच नसते, परंतु काचेपलीकडचे त्याला दिसत नाही आणि स्वस्त नमुन्यांत प्राणी म्हणजे केवळ एक उजळ आकृती असते. डिजिटल उपकरण काही शे डॉलरांत मिळते, दिवसाही चालते आणि चित्रीकरण करते. शिंगे, कान, गळ्यातील दोरी यांसारखे तपशील दाखवण्यात स्वस्त उष्णतादर्शकापेक्षा ते सरस ठरते. प्राणी आहे हे शोधण्यासाठी उष्णतादर्शक आणि तो कोणता हे ओळखण्यासाठी डिजिटल, अशी जोडी अनुभवी लोक वापरतात. एकच घेणे परवडत असेल, तर ओळखण्याचे साधन आधी घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डिजिटल उपकरणाची खरी ताकद त्याच्या आयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या, टॉर्चमध्ये असते आणि ग्राहकाचे दुर्लक्ष नेमके तेथेच होते. सिलिकॉनचा संवेदक सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रकाशाला प्रतिसाद देतो, तर माणसाची दृष्टी सुमारे ७५० नॅनोमीटरनंतर अगदी क्षीण होते. या दोहोंमधल्या पट्ट्यात टॉर्चचा प्रकाश सोडला जातो. ८५० नॅनोमीटरच्या टॉर्चचा पल्ला लांब असतो, पण समोरून पाहिल्यास तिचा दिवा मंद लाल दिसतो आणि सावध झालेली जनावरे त्यामुळे बुजू शकतात. ९४० नॅनोमीटरचा दिवा जवळजवळ अदृश्य राहतो, मात्र त्या तरंगलांबीला संवेदकाची ग्रहणक्षमता बरीच कमी असल्याने पल्लाही घटतो. अंतर दुप्पट झाले की लक्ष्यावर पडणारा प्रकाश चौथाई होतो. म्हणून शंभर मीटरवर उत्तम दिसते तेव्हा दोनशेवरही ठीक दिसेल, हा हिशोब चुकतो. उपकरणात बसवलेली टॉर्च बहुधा अपुरी पडते, आणि झोत लहानमोठा करता येणारी स्वतंत्र टॉर्च हा कमी खर्चात सर्वाधिक फरक पाडणारा जोड ठरतो.

झोताची मांडणीही महत्त्वाची आहे. जानेवारीत गुडघाभर वाढलेल्या गव्हाच्या बांधावर बसून उपकरण डोळ्याला लावले, तर दोन हातांवरची गवताची पाती झोतात येऊन पडद्यावर पांढरीफटक दिसतात. कॅमेरा तो उजेड पाहून आपोआप चित्र काळे करतो आणि पाठीमागचे शेत, त्यात उभ्या असलेल्या रोजड्यांसह (नीलगाईंसह), अंधारात बुडते. पात्यांच्या वर येईल एवढ्या उंचीवर, म्हणजे माळ्यावर किंवा तिकाटण्यावर उपकरण ठेवले आणि झोत अरुंद केला की तेच शेत उजळते. धुके, पाऊस आणि मळणीची धूळ यांतही झोत असाच परतून येतो. बंद काचेच्या खिडकीतून पाहताना टॉर्च काचेला टेकवावी लागते, नाहीतर तिचेच प्रतिबिंब दिसते.

पल्ल्याविषयी खोक्यावर छापलेला आकडा प्राण्याच्या केवळ अस्तित्वाचा असतो. अमेरिकी लष्कराच्या संशोधनात जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार एखादी वस्तू आहे एवढे कळण्यासाठी तिच्या लहान बाजूवर काळ्यापांढऱ्या रेषांची एक जोडी, ती कोणत्या प्रकारची हे समजण्यासाठी चार जोड्या आणि नेमकी ओळख पटण्यासाठी सुमारे साडेसहा जोड्या स्पष्ट दिसाव्या लागतात. चित्रबिंदूंत हेच अनुक्रमे सुमारे दोन, आठ आणि तेरा. समजा, पडद्याची आडवी विभेदनक्षमता ६४० बिंदूंची आहे आणि दृष्टिक्षेत्र १० अंशांचे आहे. शंभर मीटरवर हे क्षेत्र साधारण १७.५ मीटर रुंद असते, म्हणजे दर मीटरला सुमारे ३६ बिंदू मिळतात. चाळीस सेंटिमीटर उंचीच्या कोल्ह्यावर चौदा-पंधरा बिंदू पडतात आणि तो कोल्हाच आहे, कुत्रा नाही, हे सांगता येते. दोनशे मीटरवर सातच बिंदू उरतात आणि एक चौपायी जनावर यापलीकडे काही सांगणे कठीण होते. शिवाय हे निकष निम्म्या वेळा अचूक उत्तर येण्याच्या पातळीचे आहेत. गोळी झाडण्यासारख्या निर्णयाला निम्मी खात्री मुळीच पुरेशी नाही. म्हणून गणिताने आलेले अंतर निम्मे करून तेवढेच आपले मानावे.

जाहिरातीत ‘फोर-के’ लिहिलेले असले, तरी आतला पडदा कमी बिंदूंचा असल्यास डोळ्यापर्यंत तेवढेच पोहोचते. डिजिटल झूमने बिंदू मोठे होतात, वाढत नाहीत. भिंगाचे मूळ वर्धन किती आहे, हे विचारावे. भिंगाचा एफ-आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त; तो १.२ असल्यास २.४ च्या तुलनेत चौपट प्रकाश आत येतो, त्यामुळे बिंदूंची संख्या थोडी कमी असूनही मोठ्या बिंदूंचा संवेदक आणि कमी एफ-आकड्याचे भिंग असलेले उपकरण अंधारात पुढे जाते. अंधार वाढला की काही स्वस्त उपकरणे प्रत्येक चित्राचा उद्भासनकाळ, म्हणजे प्रकाश टिपण्याचा वेळ, वाढवतात. स्थिर देखावा त्याने छान दिसतो, पण चालणारे जनावर फराटल्यासारखे पसरते.

अवरक्त प्रकाशातले चित्र करड्या छटांचे असते आणि त्यात रंगांची साक्ष मिळत नाही. नराचा निळसर करडेपणा आणि मादीचा तांबूस रंग, ज्यांवरून दिवसा नीलगाय सहज ओळखू येते, रात्री नाहीसे होतात. गडद कापड पांढरट दिसू शकते आणि हिरवी पाने अवरक्त प्रकाश जोराने परतवत असल्याने झाडोरा हिमासारखा उजळतो. मोकाट वासरू आणि नीलगाईची मादी यांची गफलत होण्याचा धोका म्हणूनच खरा आहे. मान, खांद्यापासून उतरती पाठ आणि चाल पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. डोळ्यांची चमक तर शरीराच्या कितीतरी आधी दिसते, कारण अनेक निशाचर प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. परंतु गाय, कुत्रा, मांजर यांचेही डोळे चमकतात, त्यामुळे चमकणारी जोडी ही केवळ थांबून पाहण्याची सूचना आहे.

परदेशातील शिकाऱ्यांसाठी दोन गोष्टी याहून मोठ्या आहेत. बंदुकीवरच्या स्कोपने परिसर न्याहाळणे म्हणजे अनोळखी वस्तूवर नळी रोखणे होय. त्यामुळे पैसे कमी असतील तर आधी हातातली स्वतंत्र दुर्बीण घ्यावी आणि स्कोप नंतर. दुसरे असे, की टॉर्चचा झोत जेथे संपतो तेथे पडदा काळा दिसतो, पण गोळी तेथे संपत नाही. लक्ष्याच्या मागे मातीचा चढ आहे हे दिवसा पाहून ठेवलेल्या जागेवरूनच रात्री नेम धरण्याची तेथील शिस्त त्यातून आली आहे. स्कोप घेताना आपल्या बंदुकीच्या धक्क्यासाठी तो प्रमाणित आहे काय आणि डोळ्यापासून किती अंतरावर पूर्ण चित्र दिसते, हेही पाहावे लागते.

टॉर्च चालू असताना विजेचा खप झपाट्याने वाढतो. बदलता येणाऱ्या १८६५० प्रकारच्या लिथियम सेलवर चालणारे उपकरण आतच बंदिस्त बॅटरी असलेल्यापेक्षा बरे, कारण माळव्यातील थंडीच्या रात्री सेल लवकर उतरतो आणि खिशातला उबदार सेल घालून काम पुढे चालवता येते. आयपी ६७ हा दर्जा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याचा आहे. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढू नये म्हणून उपकरण सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे.

दुकानातल्या उजेडात नाइट व्हिजनची पारख होत नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे अंधाऱ्या जिन्यात, गच्चीवर किंवा शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत पाहू देण्याचा आग्रह धरावा, मोजून पन्नास आणि शंभर मीटरवर उभ्या केलेल्या माणसाच्या हातात काय आहे ते ओळखून पाहावे, आणि चालत्या माणसाचे चित्र मागे रेंगाळते का तेही तपासावे. लेसर टॉर्च असल्यास तिच्यावर सुरक्षा-वर्ग छापलेला असावा. अवरक्त लेसर दिसत नसल्याने डोळा आपसूक मिटत नाही आणि जवळून थेट पाहिल्यास दृष्टिपटलाला इजा होऊ शकते. म्हणून ही तपासणी चालू असताना झोत माणसाच्या चेहऱ्यावर न टाकता छातीच्या पातळीखाली ठेवावा.