‘आधी शाळेची चौकशी, मग पोलीस’ असा नियमच नाही
धडगाव असो की चोपडा, आश्रमशाळा-वसतिगृहांत हा समज पक्का बसलाय: लैंगिक छळाची तक्रार आली की आधी संस्थेची समिती बसणार, मग वाटलं तर पोलीस. साफ चूक. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची शक्यता वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा शोधणं मुख्याध्यापकांचं काम नाही. उलट चार माणसांपुढे लेकराला तेच तेच सांगायला लावलं की ते बावरतं, जबाबात फरक पडतो आणि तेवढ्यात आरोपीला सावरायला वेळ मिळतो. हाताखालच्याचा गुन्हा कळवला नाही तर संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे, पोलिसांनी गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री त्याला ठाण्यात ठेवता येत नाही. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा.